चुलीपुरतं बोलणं

थोरल्याला कारखान्यात सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. पस्तीस वर्षं तो पंपाच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला. शाफ्ट कातून झाला की आधी स्वतः मोजायचा, मग शेजारच्या लेथवाल्याला हाक मारून त्याच्या मापकानं मोजायला लावायचा. दोघांचा आकडा एक आला तरच माल पुढं जायचा. एका हाताचं माप हे माप नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. घरातही तीच तऱ्हा. बायकोनं चहा पुढं ठेवला की कपात डोकावून म्हणायचा, "आज दोन बोटं कमी."

"चहा तेवढाच आहे, तुमची बोटं सुटलीत," थोरली म्हणायची.

धाकटा अगदी उलट. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. सदऱ्याचं बटण नेहमी एक काजं चुकलेलं, चपला कधी स्वतःच्या तर कधी दुसऱ्याच्या. पण डोकं असं की बंद पडलेली वस्तू हातात घेतली की ती लाजून चालू व्हायची. एकदा कुठल्याशा कचेरीनं शाळेला वीस जुने संगणक दिले. देताना हसून दिले, कारण त्यांच्यावर काहीच चालत नव्हतं. संगणक सुरू केला की आत जो कारभारी जागा होतो, पडद्याला, कळफलकाला, फायलींना कामाला लावतो, त्या कारभाऱ्याला ही यंत्रं आता म्हातारी झाली होती. बाजारातला नवा कारभारी त्यांच्यावर बसला की यंत्रं धापा टाकायची.

धाकट्यानं शोधून काढलं की जगात असेही कारभारी आहेत ज्यांचा मूळ मजकूर उघडा असतो. कुणीही वाचा, कुणीही बदला, स्वतःच्या घरी बांधा. हा मजकूर तो घरी घेऊन आला आणि थोरल्यापुढं टाकला.

"हे काय?" थोरला म्हणाला. "कुणी तयार देत असताना आपण कशाला बांधायचं?"

"दादा, तू स्वतःची छिन्नी स्वतः का घासायचास?"

थोरल्यानं तो मजकूर आपल्याकडं ओढला. तिथंच तो अडकला.

पुढं बारा वर्षं दोघा भावांनी तो कारभारी बांधला. नाव ठेवलं चूल. जुन्या सरपणावरही पेटते म्हणून चूल. मूळ मजकुराची तीनशे चाळीस गाठोडी होती. ती कुठल्या क्रमानं सोडायची याची यादी थोरल्यानं केली. आधी हत्यारं बांधायची, मग त्या हत्यारांनी पुन्हा तीच हत्यारं नव्यानं घडवायची, म्हणजे पहिल्याची खोट दुसऱ्यात उतरत नाही. मग सगळ्यांना लागणारा सामायिक संच, मग गाभा, मग वरची अवजारं. माणसाला वाचता येणाऱ्या ओळी यंत्र चावून चावून स्वतःला पचतील अशा करायचं. सहा सहा तास त्याचा रवंथ चालायचा आणि थोरला शेजारी खुर्ची टाकून बसायचा, जणू म्हैस व्यायला झालीय.

"माझ्या बाळंतपणाला एवढे बसला नव्हता," थोरली म्हणायची.

बांधून झालं की तपासणी. ती थोरल्यानं कारखान्यातूनच आणली. एकच मजकूर दोघांनी आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर बांधायचा. तयार झालेल्या चुलीचा यंत्र एक ठसा काढून देतं, चौसष्ट अक्षरांचा. आत एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडं झाला तरी ठसा सगळाच्या सगळा बदलतो. दोन घरचे ठसे अक्षर न् अक्षर एक आले तरच ती चूल शाळांना द्यायची. नाहीतर नाही. दर बुधवारी दुपारी धाकटा आपली चूल पाठवायचा, थोरला ताडून बघायचा आणि उत्तर लिहायचा. एक आले तर "बरोबर." नाही आले तर फरक नेमका कुठं आहे ते स्वतः शोधून धाकट्याच्या नाकासमोर धरायचा. "फरक आहे. यादीतलं सत्तावन्नावं गाठोडं, तुझ्या यंत्राचं घड्याळ मागं आहे, तारीख आत शिरली. डोळे उघडे ठेवून बांधत जा." धाकटा हसायचा. म्हणायचा, दादाचा डोळा म्हणजे चाळणी, त्याच्याकडून काही सुटत नाही.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली, त्या दिवशी चूल बांधायला लावलेली होती. सकाळी दवाखान्यातून धाकट्याचा फोन आला, "दादा, ये. लगेच ये." थोरल्याच्या यंत्राचे पाच तास झाले होते, एक राहिला होता. तेव्हा मधे थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागायचं, आणि दोन दिवसांनी चौदा शाळांना चूल जायची होती. तो म्हणाला, "एवढं संपलं की निघतो." पोचला तेव्हा आई जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

दवाखान्याच्या लांबच लांब बोळात, भिंतीला टेकून धाकट्यानं एवढंच विचारलं, "झाली का बांधणी?"

थोरल्यानं त्यावेळी गप्प बसायला हवं होतं. पण आतून सोललेला माणूस दुसऱ्यालाच ओरबाडतो. तो म्हणाला, "तुझ्या घड्याळाचा घोळ नसता तर कालच झाली असती. तुझ्यापायी पुन्हा लावावी लागली." थोरला तेवढ्यावर थांबला नाही. "यापुढं माझ्याशी चुलीपुरतं बोलायचं. बाकी तोंड उघडायचं नाही."

धाकट्यानं ते ऐकलं आणि पाळलं. नऊ वर्षं. चूल वेगळी झाली की भाऊ तुटले असं म्हणतात. इथं भाऊ तुटले आणि चूल तेवढी एक राहिली. घरं पाऊण तासाच्या अंतरावर, पण कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. दोघी जावांचा वर्षाकाठी एखादा फोन व्हायचा, तोही इकडच्या तिकडच्या गोष्टींचा. फक्त बुधवारी दुपारी तिकडून चूल यायची आणि इकडून एक शब्द जायचा. "बरोबर." माझ्यासारख्या शेजाऱ्यानं कधी विषय काढलाच तर थोरला म्हणायचा, "आमचं बोलणं चालू आहे की. दर आठवड्याला."

यंदा थोरल्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. डॉक्टरनं बजावलं की महिनाभर पडद्याकडं बघायचं नाही. बुधवार चुकवायचा कसा, ही एकच काळजी त्याला. म्हणून ऑपरेशनच्या आधी चार दिवस बसून त्यानं यंत्रालाच शिकवलं. बुधवारी चूल आपोआप बांधायची, धाकट्याची आली की दोन्ही ठसे ताडायचे, एक असले तर "बरोबर" पाठवायचं, नसले तर "फरक आहे. पुन्हा बांध." बस्स. फरक कुठं आहे हे शोधायचं काम त्यानं यंत्राला सांगितलं नाही. ते डोळे बरे झाल्यावर स्वतः करणार होता. आणि धाकट्याला काही कळवलं नाही. कळवायचं कशाला? डोळे काही चुलीत येत नव्हते.

मग तो पट्टी बांधून खाटेवर पडला. उजव्या डोळ्यात पू झाला, एक महिन्याचा दीड महिना झाला. बुधवारी दुपारी हाक मारायचा, "अगं, बघ गं काय म्हणतंय."

पहिल्या बुधवारी थोरलीनं पदराला हात पुसत पडद्याकडं बघितलं. "फरक आहे म्हणतंय. पुन्हा बांध म्हणतंय."

"घड्याळ! शंभर टक्के घड्याळ. या माणसाला काटे कळत नाहीत."

दुसऱ्या बुधवारी तेच. थोरली म्हणाली, "अहो, मी उघडून बघू का, काय फरक आहे ते? तुम्ही कुठं दाबायचं ते सांगा."

"तुला त्यातलं काय कळणार? राहू दे. करेल तो पुन्हा."

तिसऱ्या बुधवारी पुन्हा फरक. थोरला चिडला. मुद्दाम करतोय म्हणाला, नऊ वर्षांनी खोडी काढतोय. चौथ्या बुधवारी थोरली म्हणाली, "बरोबर म्हणतंय हो," तेव्हा पट्टीखालून त्याचे ओठ हलले. "आली एकदाची अक्कल ठिकाणावर."

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी फोन आला. थोरलीनं घेतला. धाकटा गेला होता.

थोरला काळा चष्मा लावून गेला. डोळे अजून कच्चे होते, उजेड सोसत नव्हता. पण जमलेल्या लोकांना त्यातलं काय माहीत? लोक एकमेकांना खुणावत होते की फूटपट्टीच्या डोळ्यात पाणी नाही म्हणून चष्मा लावलाय.

धाकट्याची खोली लहान. खाट भिंतीपासून सरकवून टेबलाला चिकटवली होती, पडल्या पडल्या कळफलकावर हात पोचेल अशी. उशाशी औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, पाण्याचा तांब्या, आणि सदरा. खुंटीवर टांगलेला, बटण एक काजं चुकवून लावलेला. यंत्र चालू होतं. त्याचा पंखा घरघरत होता आणि बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

धाकटी उंबऱ्याशी बसली होती. थोरला तिच्यासमोर उभा राहिला. चष्म्यातून त्याला ती नुसती सावलीसारखी दिसत होती.

"एवढं आजारपण," तो म्हणाला, "आणि मला कुणी कळवायचं नाही?"

धाकटीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच आटलं होतं.

"तीनदा कळवलं की, भाऊजी."

"कुणी? मला फोन नाही, निरोप नाही…"

"मी करणार होते फोन. यांनी शपथ घातली. म्हणाले, दादानं चुलीपुरतं बोलायचं ठरवून दिलंय, मी चुलीतच लिहितो. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, तो ओळ शोधून काढतोच. बुधवारी दुपारी पाठवायचे आणि पडद्याकडं बघत पडायचे. तुमचं उत्तर मिनिटभरात यायचं. पहिल्यांदा किती खूश झाले! म्हणाले, बघ, दादा वाट बघतच बसलेला असतो. मग वाचलं त्यांनी." तिनं यंत्राकडं बोट दाखवलं. "फरक आहे, पुन्हा बांध. तिन्ही वेळा तेवढंच."

"मी वाचलं नाही," थोरला म्हणाला. "मी काही वाचलंच नाही गं."

"असं कसं? उत्तर आलं होतं."

तो चाचपडत यंत्राकडं सरकला. थोरलीनं त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर आणलं.

पुढचं थोरलीनंच मला सांगितलं. घरी आल्यावर तो पायसुद्धा न धुता यंत्राशी जाऊन बसला. धाकट्याच्या पाठवलेल्या सगळ्या चुली तिथं साठवलेल्या होत्या, तारखेवार. पडदा त्याला धुरकट दिसत होता, पण बोटांना कळा पाठ होत्या. पहिल्या बुधवारची दोघांची चूल त्यानं शेजारी शेजारी उघडली आणि फरक काढायला लावला. यंत्रानं तीनशे चाळीस गाठोडी चाळली आणि एकच ओळ बाहेर काढली. चूल पेटल्यावर पडद्यावर पहिल्यांदा जे स्वागत येतं, त्या फायलीतली. दोन कोटी ओळींत तेवढी एकच जास्तीची.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "तू वाच."

थोरली पुढं झाली. काही अवघड नव्हतं त्यात. साधं सरळ लिहिलेलं, चौथी शिकलेल्यालाही वाचता येईल असं.

"दादा, पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर महिना म्हणतात. चुलीपुरतं बोलायचं ठरलंय म्हणून इथं लिहितो. एकदा येऊन जा."

ती वाचत असताना त्याची बोटं दुसऱ्या बुधवारकडं गेली होती.

"दादा, उत्तर मिळालं. त्या दिवशी बोळात मी तसं विचारायला नको होतं. आता जिना उतरवत नाही, नाहीतर मीच आलो असतो. ये."

तिसरा निरोप थोरलीनं पदराला डोळे पुसत कसाबसा वाचला.

"दादा, बरं. आता बोलवत नाही. पुढच्या बुधवारी तुझ्या मापानं बांधून देतो. यंत्र दर बुधवारी आपोआप बांधून पाठवेल असं लावून ठेवतोय. मी नसलो तरी दुसरं माप चालू राहील."

चौथ्या बुधवारी फरक नव्हता. ती चूल त्यानं उघडली नाही. तिचं उत्तर त्याला माहीत होतं. धाकट्याला थोरल्याकडून आलेला शेवटचा शब्द होता "बरोबर".

थोरली म्हणाली, "मी विचारलं होतं, बघू का म्हणून."

ती आत गेली आणि कणिक मळायला बसली, भूक कुणालाच नव्हती तरी.

दहाव्या दिवशी तो एकटाच धाकटीकडं गेला. खिशात त्या यंत्राला शिकवलेल्या ओळी कागदावर काढून नेल्या होत्या, अकरा ओळी. तिला कागद दाखवला. म्हणाला, "हे बघ, उत्तर हे द्यायचं. मी पट्टी बांधून पडलो होतो. मी नव्हतो."

धाकटीनं कागद हातात घेतला, उलटा सुलटा बघितला. ती शाळेत शिवण शिकवायची, त्या ओळी तिला वाचता येणाऱ्या नव्हत्या. पण त्यात मधे काही शब्द साध्या भाषेत होते आणि त्यातले दोन तिनं बोटानं दाखवले.

"हे कुणी लिहिलंय? पुन्हा बांध?"

"मी."

"मग?"

तिनं दार आपटलं नाही, रागावलीही नाही. कागदाची घडी नीट करून त्याच्या हातात दिली. म्हणाली, "भाऊजी, त्यांचा शेवटचा आठवडा मी बघितलाय. ते मला म्हणत होते, दादा चुकत नाही, माझंच काहीतरी राहिलं असेल. आता तुम्ही मला यंत्र समजावून सांगताय. मी समजून घेईन हो. पण मी समजून घेऊन काय होणार? ज्यांना समजायला हवं होतं ते तुम्हाला बरोबर धरून गेले."

थोरला परत निघाला. दारातून त्यानं एकदाच विचारलं, "यंत्र बंद केलंस?"

"नाही. बंद करू नको म्हणालेत."

नवी चूल त्यानं त्यानंतर कुठल्याच शाळेला दिली नाही. शाळांचे फोन आले, मुख्याध्यापिका स्वतः येऊन बसल्या. ठसे तर दर आठवड्याला एक येतात, मग अडलं कुठं? तो म्हणाला, "ते दुसऱ्या हाताचं माप नाही. तिकडं हात नाही." बाईंना ते पटलं नाही, पण त्याच्याशी वाद घालून पस्तीस वर्षांत कुणाचं भलं झालेलं नव्हतं. शाळांत अजून ती चौथ्या बुधवारचीच चूल चालते.

यंत्राला शिकवलेल्या अकरा ओळी त्यानं पुसून टाकल्या. आता उत्तर जात नाही. पण बुधवार आला की सकाळीच आंघोळ करून, चष्मा पुसून तो खुर्चीत बसतो. डोळे आता बरे आहेत, सुईत दोरा ओवतो. दुपारी तिकडून चूल येते, मिनिटाला मिनिट ठरलेल्या वेळी. धाकटा जिवंतपणी कधी एवढा वेळेवर नव्हता. ठसा पहिल्याच झटक्यात दिसतो, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं एक. तिथंच काम संपायला हवं. पण तो दोन्ही चुली शेजारी शेजारी उघडतो आणि स्वागताच्या फायलीपासून ओळीनं वाचत सुटतो. तिथं नसेल तर दुसरीकडं असेल, कुठंतरी एखाद्या गाठोड्यात, एखाद्या कोपऱ्यात. सारखे ठसे म्हणजे काय हे जगात कुणाला कळत असेल तर त्याला कळतं. तरी वाचतो. दिवेलागणीपर्यंत वाचतो.

आतून थोरली विचारते, "काय म्हणतंय हो?"

"काही नाही," तो म्हणतो. "बरोबर आहे."